वावरात राबतो, मग धावायचं कायले?



आधी या आठवड्याची नोंद थोडक्यात. कपाशीचा दुसरा वेचा चालू आहे. तूर फुलावर आली. चण्याची पेरणी आपल्या भागात निम्म्याच्या वर आटोपली. सकाळी धुई पडायला लागली आहे, तेव्हा तुरीच्या फुलगळीवर लक्ष ठेवा. पिकाचं आज इतकंच. आज माणसाच्या तब्येतीवर लिहितो. गेले काही महिने एक प्रश्न मला वारंवार येतो आणि त्याचं उत्तर दोन ओळीत होत नाही.

प्रश्न असा : "भाऊ, दिवसभर वावरात कमी राबता का तुमी, का अजून सकाळी रोडनं धावाले जाता?"

प्रश्न रास्त आहे. घाटंजीच्या बाजारात चहाच्या टपरीवर हाच प्रश्न हसत हसत विचारला जातो. धावणं म्हणजे एक तर पोलीस भरतीच्या पोट्ट्यांचं काम, नाही तर शहरातल्या पोट सुटलेल्या साहेबांचं. शेतकऱ्याचा काय संबंध? मी तीन वर्षांपासून इथल्या एका छोट्या ग्रुपसोबत धावतो. ग्रुपला नाव नाही, बॅनर नाही, टी-शर्ट नाही. तीन वर्षांत जे पाहिलं ते मांडतो.

मेहनत आणि व्यायाम

आधी हिशोब करू. आपल्याला हिशोबच पटतो.

एक एकर म्हणजे अंदाजे ४,०४७ चौरस मीटर. कपाशीची ओळ तीन फुटांवर, म्हणजे ९० सेंटिमीटरवर धरा. त्या एकरात डवऱ्याच्या मागं एका फेरीत एक एक तास घेत गेलं तर साडेचार किलोमीटर चालणं होतं. दिवसाला दोन एकर डवरणी झाली की नऊ किलोमीटर. तेही ढेकळातून, बैलाच्या चालीनं, सलग. आपले वडील हंगामात तीन-चार डवरण्या करायचे. त्यांना धावायची गरज नव्हती हे अगदी खरं.

आता आपला दिवस पाहा. घरून वावरात मोटारसायकल. पेरणी ट्रॅक्टरनं. डवरणीच्या दोन फेऱ्या तणनाशकानं खाल्ल्या. बैलजोडी विकली गेली. राहिली फवारणी. १६ लिटरचा पंप पाठीवर घेतला की पंपासकट वीस किलोच्या आसपास वजन होतं. एकराला आठ-दहा पंप. त्यानं कंबर दुखते, खांदा धरतो, पण दम वाढत नाही. वेचणीत दिवसभर वाकणं, निंदणात दिवसभर बसणं. म्हणजे मेहनत गेली नाही, तिचा प्रकार बदलला. सांध्यावरचा भार तोच राहिला आणि हृदय-फुप्फुसाचं काम कमी झालं. शिवाय फेब्रुवारी ते मे ज्यांच्याकडं ओलीत नाही, ते बहुतेक रिकामेच असतात.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्रौढ माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम करावा. त्यात कामातली मेहनतही धरतात. म्हणून जून-जुलैत पेरणीच्या धामधुमीत कोणी धावला नाही तरी काही बिघडत नाही. आम्हीही तेव्हा जवळजवळ बंदच असतो. प्रश्न उरलेल्या महिन्यांचा आहे. साखर आणि बीपी हे शहराचे रोग राहिले नाहीत. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले, त्यात देशात मधुमेही दहा कोटींच्या वर निघाले आणि प्रौढांमध्ये शंभरातले ३५ जण वाढलेल्या रक्तदाबाचे. आपल्या गावात कोणाकोणाच्या खिशात गोळ्यांची पट्टी असते ते एकदा मोजून पाहा.

पण एवढंच कारण असतं तर एकट्यानं धावलं असतं तरी भागलं असतं. ग्रुपची गरज वेगळ्याच गोष्टीसाठी आहे, तिकडं येतो.

आमचं कसं चालतं

सुरुवात भरतीच्या मुलांपासून झाली. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत ५० गुण असतात. त्यातले २० एकट्या लांब धावण्याला : मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. बाकीचे ३० गुण १०० मीटर धावणं आणि गोळाफेक यांना. मुलं पारव्याच्या रस्त्यानं सकाळी धावायची. त्यांच्यासोबत एक निवृत्त मास्तर चालायला जायचे. मास्तरांमुळं मी गेलो, माझ्यामुळं धुऱ्याशेजारचा गेला. आज उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात पंधरा-सोळा जण असतात, हंगामात चार-पाच. त्यात शेतकरी आहेत, एक कृषी सहायक आहे, एक मोबाईलवाला, एक बस कंडक्टर, दोन मजुरी करणारे, भरतीची सात-आठ पोरं-पोरी. अंतर चार ते सहा किलोमीटर. ज्याला धावणं जमत नाही तो चालतो.

नियम चार आहेत. कोणी लिहून दिले नाहीत, होत होत ठरले.

पहिला : उजाडल्याशिवाय निघायचं नाही. आपला तालुका टिपेश्वरच्या काठावर आहे. वाघ, रानडुकरं, रोही यांची येण्या-जाण्याची वेळ आणि धावणाऱ्याची वेळ एक व्हायला नको. जंगलाच्या बाजूच्या पांदणीनं जायचंच नाही, डांबरी रस्ताच.

दुसरा : बोलता येईल इतकाच वेग. धावताना सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलताना शब्द तुटायला लागले की वेग जास्त झाला. एकटा माणूस पहिल्या दिवशी जोरात पळतो, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरतो, तिसऱ्या दिवशी बंद. सोबत असली की गप्पा चालतात आणि वेग आपोआप आवाक्यात राहतो. भरतीची मुलं आठवड्यातून दोन दिवस वेगळी जोरात पळतात, बाकी दिवस आमच्यासोबत.

तिसरा : पुढं गेलेल्यानं शेवटच्यासाठी पुलाजवळ थांबायचं.

चौथा : उद्या येणार नसाल तर आदल्या रात्री कळवायचं. कारण सांगायची गरज नाही, "उद्या नाही" इतके दोन शब्द पुरे. आणि न कळवता कोणी आला नाही, तर त्याच दिवशी कोणीतरी त्याच्या घरी जाऊन यायचं.

हा चौथा नियम नवीन माणसाला जाच वाटतो. "शाळा आहे का काय?" असं म्हणतात. पण तीन वर्षांनंतर मला वाटतं, आमच्या ग्रुपची अर्धी किंमत या नियमात आहे.

रस्त्यावरचा शिवारफेरा

आधी एक सोपा फायदा. १५ माणसं म्हणजे सात-आठ शिवारं. चार किलोमीटरच्या गप्पांत सात-आठ शिवारांची खबर मिळते.

२०१७ ची गुलाबी बोंडअळी आपण कोणी विसरलो नाही. तेव्हापासून एकरी दोन कामगंध सापळे लावा असं सगळे सांगतात. लावतो आपण, पण मोजतो किती जण? सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग आले, किंवा शंभरात दहा फुलं-बोंडं किडलेली दिसली की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली. हे वाक्य पत्रकात वाचणं वेगळं आणि रोज सकाळी "तुह्या सापळ्यात किती?" असं कोणी विचारणं वेगळं. विचारणारा असला की माणूस आदल्या दिवशी सापळा पाहून ठेवतो. मागच्या हंगामात आमच्यातल्या दोघांकडं पतंग वाढले तेव्हा बाकीच्यांनी आपली बोंडं फोडून पाहिली. ज्यांच्याकडं पातळी गाठली नव्हती त्यांची एक एक फवारणी वाचली. कृषी सहायक म्हणतात, मीटिंग लावली तर पाच माणसं येत नाहीत, इथं रोज शिवारफेरी होते.

एक सकाळ फवारणीच्या दिवसांतली

२०१७ च्याच हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. उंच वाढलेली दाट पऱ्हाटी, दमट हवा, एकात एक मिसळलेली औषधं, तोंडाला काही बांधलेलं नाही. कारणं तेव्हाच सर्वांच्या तोंडी होती.

मागच्या सप्टेंबरात आमच्यातला एक मजुरी करणारा भाऊ सकाळी आला. आदल्या दिवशी त्यानं दुसऱ्याकडं दिवसभर फवारणी केली होती. अजून आम्ही निघालोही नव्हतो, आणि त्याला दरदरून घाम. सारखा थुंकत होता. "पित्त झालं," म्हणाला. कृषी सहायकांनी मोबाईलचा दिवा न लावता त्याच्या डोळ्यात पाहिलं. पहाटेच्या कमी उजेडात बाहुली मोठी असायला पाहिजे, त्याची टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. त्याला लगेच गाडीवर बसवलं. एक जण वावरवाल्याकडं गेला आणि औषधाच्या डब्याचं लेबल घेऊन दवाखान्यात पोचला. डॉक्टरांना कोणतं औषध अंगात गेलं ते कळलं, अॅट्रोपिन सुरू झालं. चार दिवसांनी घरी आला.

तो घरीच राहिला असता तर "पित्त आहे" म्हणून लिंबू-पाणी पिऊन दुपारी पुन्हा पंप पाठीवर घेतला असता. म्हणून फवारणी करणाऱ्यांसाठी चार गोष्टी पुन्हा लिहितो : फवारणीनंतर साबणानं आंघोळ आणि कपडे वेगळे धुणं. दुसऱ्या दिवशी सकाळी धावायचं नाही, फक्त येऊन तोंड दाखवायचं. घाम, लाळ, मळमळ, धूसर दिसणं, बारीक बाहुली यातलं काहीही असेल तर थेट दवाखाना. आणि डब्याचं लेबल सोबत.

न आलेला माणूस

आता जी गोष्ट लिहितो ती त्या भावाची परवानगी घेऊन लिहितो. नाव, गाव सांगणार नाही.

वय चाळिशीच्या आत-बाहेर. सहा एकर, कोरडवाहू. सोयाबीन फुलावर असताना पिवळं पडलं, जे राहिलं ते काढणीच्या वेळी पावसात भिजलं. एक कर्ज बँकेचं, एक बाहेरचं. आमच्यात हा सगळ्यात जास्त बोलणारा. काही दिवस तो मागं मागं राहायला लागला. सापळ्याचं विचारलं तर "पाहिलं नाही" म्हणे. एका सकाळी आला नाही, आणि आदल्या रात्री "उद्या नाही" असंही कळवलं नव्हतं.

नियमाप्रमाणं मास्तर आणि मी अकरा वाजता त्याच्या घरी गेलो. बायको दुसऱ्याच्या वावरात वेचायला गेली होती, पोरं शाळेत. हा भिंतीकडं तोंड करून खाटेवर. "ताप आहे," म्हणाला. मास्तरांनी हात लावला, ताप नव्हता. मास्तरांनी काही उपदेश केला नाही. चहा मीच मांडला. बैलाला खुरी झाली होती तिचं बोलणं निघालं, त्यावर पंधरा मिनिटं गेली. मग तो स्वतःहून म्हणाला, "मास्तर, आठ रोज झाले, झोपच येऊन नाही राहिली. डोक्यात काही बाही येते."

मास्तरांनी सरळ विचारलं, "जीव द्यायचं येते का मनात?" मला तेव्हा वाटलं, हे असं तोंडावर कसं विचारलं? पण त्यानं मान हलवली आणि रडला. नंतर जाणकारांकडून कळलं की असं सरळ विचारल्यानं कोणाच्या मनात नवीन काही भरत नाही, उलट माणसाला बोलायला जागा मिळते.

त्या दिवशी जे केलं ते इतकंच. मास्तर त्याच्याजवळ बसून राहिले, मी त्याच्या बायकोला घेऊन आलो. साळ्याला फोन करून बोलावलं, तो संध्याकाळी मुक्कामालाच आला. घरात ठेवलेले फवारणीचे डबे मी "मले लागतात" म्हणून सगळे घेऊन गेलो. दुसऱ्या दिवशी आमच्यातले दोघं त्याच्यासोबत यवतमाळला मनाच्या डॉक्टरकडं गेले. गोळ्या सुरू झाल्या. झोप यायला लागली. पुढच्या महिन्यात कर्जाचे कागद घेऊन कंडक्टर भाऊ त्याच्यासोबत बसले आणि कोणाचं किती, कधी द्यायचं, याची एका कागदावर मांडणी केली.

कर्ज त्याचं आजही आहे. सोयाबीनचा भाव आम्ही वाढवू शकलो नाही. तो हिवाळ्यात परत यायला लागला, धावत नाही, मास्तरांसोबत शेवटी चालतो. सापळ्याचं मात्र आता तोच सगळ्यांना विचारतो.

यावर कोणी म्हणेल, म्हणजे शेतकऱ्यानं धावायला लागलं की प्रश्न सुटला का? अजिबात नाही, आणि असं कोणी म्हणत असेल तर त्याला मीच पहिला अडवीन. भाव, ओलीत, पीकविमा, कर्ज हे प्रश्न धावून सुटत नाहीत. १ जुलै २००६ ला पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात यवतमाळ होतं. २०१५ मध्ये बळीराजा चेतना अभियान आपल्याच जिल्ह्यात आलं. लढायचं त्या गोष्टींसाठीही आहे, आणि ते चालूच राहील. पण पॅकेज जाहीर होणं आणि ते दारात पोचणं यांच्या मधे बरेच महिने असतात. त्या महिन्यांत एखादा माणूस रात्री जागा आहे हे कोणाला तरी दिसलं पाहिजे. वावर एकट्याचं काम झालं आहे. पूर्वी इर्जिक होती, सावड होती, खळ्यावर रात्री चार माणसं झोपायची. आता हार्वेस्टर येतो, दोन तासात मोकळं. दिवसेंदिवस माणूस माणसाला दिसत नाही. म्हणून रोज ठरलेल्या वेळी एकमेकांचं तोंड पाहण्याचं काही तरी निमित्त पाहिजे. आमचं निमित्त धावणं आहे.

जुनीच रीत

हे काही नवीन नाही. दिंडीत चाललेले लोक हेच करतात. शेगावहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीत ज्यांनी पायी वारी केली त्यांना विचारा. मुक्कामाला आपल्या दिंडीतला माणूस दिसला नाही की लोक शोधायला मागं फिरतात. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. मातीतल्या खेळासाठी एकत्र आलेल्या पोरांमधून उभं राहिलं, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकानं तिथं देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. राष्ट्रसंतांच्या सामुदायिक प्रार्थनेला ज्यांचे वडील-आजोबा रोज जायचे, त्यांनाही आठवत असेल की जागा रिकामी दिसली की दुसऱ्या दिवशी विचारणा व्हायची.

बाहेरच्या देशातही लोक हेच करतात. लंडनजवळ बुशी पार्कमध्ये २ ऑक्टोबर २००४ ला १३ जण पाच किलोमीटर धावले. फी नाही, दर शनिवारी, सगळं स्वयंसेवकांवर. पार्करन म्हणतात त्याला. आज जगभर दोन हजारांहून जास्त ठिकाणी होतं. तिथं एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागं चालतो, म्हणजे दुसरं कोणी शेवटी राहत नाही. आपल्याकडंही साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटात २१ किलोमीटरची शर्यत होते. यवतमाळएवढ्या शहराला असं काही जमतं, हे त्यावरून कळतं.

बारामतीच्या लता करे यांचं नाव बहुतेकांनी ऐकलं असेल. नवऱ्याच्या दवाखान्याला पैसा नव्हता म्हणून साठी ओलांडलेली ही बाई नऊवारी नेसून अनवाणी शर्यतीत धावली आणि जिंकली. २०२० मध्ये त्यांच्यावर सिनेमा आला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. ऐकून छाती भरून येते. पण मला दरवेळी दुसराही विचार येतो. शर्यत जिंकल्यावर चारी बाजूंनी विचारपूस झाली. घरात आजारी माणूस आहे, पैसा नाही, हे शर्यतीच्या आधी कोणाला कळलं असतं तर? ग्रुप यासाठी पाहिजे. माणसावर एकट्यानं अनवाणी धावायची पाळी येण्याआधी कोणीतरी घरी येऊन गेलेलं असावं.

लांब जाण्यात आपल्या तालुक्याचं नाव एका वेगळ्या गड्यानं गाजवलं आहे. टिपेश्वरचा वॉकर वाघ. २०१९ मध्ये गळ्यात कॉलर घेऊन निघाला, कपाशीच्या वावरातून, नाले-रस्ते ओलांडत, तेलंगणात जाऊन परत येऊन बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळी मिळून तीन हजार किलोमीटरची चाल. जागा, शिकार, जोडीदार, काहीतरी शोधत गेला असं वनखात्याचे लोक म्हणत. ज्ञानगंगेत तो बराच काळ एकटाच राहिला. आमचे मास्तर म्हणतात, तो वाघ आहे, त्याला एकटं जमतं.

मुलींचा रस्ता

एक गोष्ट राहायला नको. आमच्यात चार मुली आहेत, एक कोलाम पोडावरची, दोन तांड्यावरच्या, एक गावातली. भरतीत ८०० मीटरचे २० गुण आहेत, पण सराव कुठं करणार? एकटी मुलगी रस्त्यानं धावली की मोटारसायकली हळू होतात. घरचे म्हणतात, नको. मास्तर आणि दोन काकू सोबत असल्या की तेच घरचे मुलीला स्वतः सोडायला येतात. नाशिकच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य जिंकली, ती आदिवासी घरातली. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शाळेत सहा किलोमीटर पायी जायचा. सैन्यात गेल्यावर तिथल्या धावणाऱ्यांच्या गटात आला आणि त्याचं खरं धावणं सुरू झालं. २०२२ च्या राष्ट्रकुलात ३,००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण त्याचं एका सेकंदाच्या पाच शतांशानं हुकलं, आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाईत त्यानं सुवर्ण घेतलंच. पाय पोडावरही आहेत आणि तांड्यावरही. त्यांना सोबत मिळाली की पुढचं ते पाहून घेतात.

सुरू करायचं असेल तर

तीन माणसं पुरेत. पैसे गोळा करू नका, अध्यक्ष नेमू नका. अध्यक्ष आला की दोन गट पडतात, हे आपल्याला सांगायला नको.

पहिले दोन आठवडे फक्त चाला, अर्धा तास. तिसऱ्या आठवड्यापासून एक मिनिट हळू धावणं, दोन मिनिटं चालणं. दोन-तीन महिन्यांत सलग वीस-पंचवीस मिनिटं होतं.

चाळिशीच्या पुढचे, बीपी-साखरेवाले, छातीत कधी दुखलेले, यांनी आधी डॉक्टरला दाखवावं. धावताना छातीत दाब आला, चक्कर आली तर तिथंच थांबावं.

बूट महाग नको. मापाचा, टाचेखाली मऊ, इतकं पुरे. काळ्या जमिनीतल्या पांदणीनं पावसाळ्यात धावू नका, पाय मुरगळतो.

पेरणी, फवारणी, काढणी या काळात अंतर कमी करा. जास्त थकलात तर फक्त हजेरी लावून घरी जा.

आणि चौथा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. न कळवता न आलेल्याच्या घरी त्याच दिवशी जायचं. माणूस बोलला तर ऐकायचं, घाईनं उपाय सांगायचे नाहीत. मनात जीव द्यायचं येत असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, औषधाचे डबे घरातून हलवायचे आणि दवाखाना गाठायचा. टेली-मानसचा सरकारी नंबर १४४१६ आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. हा नंबर मोबाईलमध्ये आजच टाकून ठेवा, स्वतःसाठी लागो की शेजाऱ्यासाठी.

पुढच्या आठवड्यात तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीचं लिहितो. तोवर सकाळी फुलोरा पाहत जा, आणि धुऱ्यावरचा शेजारी चार दिवस दिसला नसेल तर त्याच्या घरावरून एक चक्कर मारा.

राम राम.